मुलाचं वागणं बदललंय? सायकोसिसच्या पहिल्या लक्षणांपासून बरं होण्यापर्यंत, कोल्हापुरातल्या घरांसाठी

सायकोसिस, म्हणजे खरं काय आणि भास काय यातला फरकच न कळण्याची अवस्था, झाला म्हटलं की घरातल्यांना वाटतं, आता आपल्या हातात काही राहिलं नाही. एक गोष्ट मात्र नक्की हातात असते, आणि ती फार मोठी आहे: लक्षणं स्पष्ट दिसल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत किती दिवस जाऊ द्यायचे. आपल्याकडे हे दिवस "वयात आलंय, सुटेल आपोआप", "कुणाची तरी नजर लागली", "लग्न करून टाका" यातच जातात. कधी वर्ष जातं, कधी दोन.

नॉर्वेमध्ये रोगालँड नावाचा भाग आहे. तिथे १९९७ पासून शाळा, घरं आणि डॉक्टर सगळ्यांना ही लक्षणं ओळखायला शिकवलं, आणि कुणीही थेट फोन केला तर तपासणी होईल अशी सोय केली. तिथला उपचाराविना जाणारा काळ साधारण ५ आठवड्यांवर आला. तुलनेसाठी घेतलेल्या भागांत तो १६ आठवडे होता. दोन्हीकडे उपचारांची पद्धत सारखीच होती. दहा वर्षांनी पाहिलं तेव्हा लवकर ओळखलेल्या भागात बरे होऊन आपलं आयुष्य सांभाळणारे सुमारे ३१ टक्के होते, दुसरीकडे १५ टक्के. फरक पडला तो आधी पोहोचल्यामुळे. हा लेख त्या "आधी"साठी आहे.

आधी एवढं समजून घ्या

ताप जसा डेंग्यूत येतो, टायफॉइडमध्ये येतो, तसा सायकोसिस वेगवेगळ्या आजारांत दिसतो: स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र नैराश्य, गांजा किंवा दारू, बाळंतपणानंतरचा काळ, कधी मेंदूला सूज. त्यामुळे पहिल्याच दिवशी "स्किझोफ्रेनिया आहे का?" असं डॉक्टरांना विचारून नक्की उत्तर मिळेलच असं नाही. काही महिने गेल्यावर चित्र स्पष्ट होतं. उपचार मात्र तेवढे महिने थांबवायचे नसतात.

यात तीन गोष्टी दिसतात. नसलेले आवाज ऐकू येणं किंवा नसलेलं दिसणं. पुरावा दाखवूनही न हलणारा चुकीचा विश्वास, म्हणजे "माझ्यावर पाळत आहे", "जेवणात काहीतरी घालतात", "टीव्हीवरचा माणूस माझ्याबद्दलच बोलतो". आणि बोलण्याचा धागा तुटणं. हे बहुतेक वेळा सोळा ते तिशीच्या दरम्यान सुरू होतं, मुलांमध्ये थोडं आधी, मुलींमध्ये थोडं उशिरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आयुष्यात कधीतरी अशा आजाराला सामोरे गेलेल्यांचं प्रमाण १.४ टक्के निघालं. म्हणजे हजार-पंधराशे वस्तीच्या गावातही अशी माणसं सापडतील. ती दिसत नाहीत, कारण घरं लपवतात.

पहिली पायरी: बदल ओळखा

आवाज आणि संशय ही पुढची अवस्था. त्याआधी काही आठवडे, काही महिने, कधी वर्षभरही एक धूसर काळ असतो. झोपेचं चक्र उलटं होतं, रात्रभर जाग आणि दिवसा दार लावून पडणं. मित्रांचे फोन उचलत नाही. बारावीत चांगले मार्क असलेला मुलगा कॉलेजला जातो म्हणून निघतो आणि रंकाळ्यावर एकटाच बसून परत येतो. अंघोळ नाही, कपडे तेच. आवाज आणि उजेड सहन होत नाही. एखाद्या विषयाचं, देवधर्माचं किंवा विश्वाच्या गूढाचं, अचानक वेड लागतं आणि त्यावर बोलताना वाक्यं भलतीकडेच जातात. हसण्यासारखं काही नसताना स्वतःशी हसतो. आई गेल्याची बातमी सांगितली तरी चेहऱ्यावर काही उमटत नाही, इतकी भावना कोरडी होते.

यातलं एखादं लक्षण घरोघरी असतं. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी अर्धी पोरं रात्री जागतात. म्हणून एकेक लक्षण न पाहता तीन प्रश्न विचारा. हा मुलगा आधी असा होता का? एकाच वेळी बऱ्याच गोष्टी बिघडल्यात का? आणि हे आठवड्यामागून आठवडे वाढत चाललंय का? तिन्हींची उत्तरं काळजीची असतील तर वाट पाहू नका.

धूसर काळातल्या प्रत्येकाला सायकोसिस होत नाही. तज्ज्ञांनी तपासून "धोका आहे" असं ठरवलेल्यांतसुद्धा पुढच्या दोन-तीन वर्षांत साधारण चारातल्या एकालाच होतो. म्हणूनच या टप्प्यावर चांगले डॉक्टर लगेच सायकोसिसच्या गोळ्या चालू करत नाहीत. समुपदेशन, झोप, व्यसन सोडणं आणि ठरावीक दिवसांनी तपासणी एवढ्यावर भर देतात. गोळ्या दिल्या नाहीत म्हणून "डॉक्टरला काही कळत नाही" असं समजून दुसरीकडे पळू नका.

दुसरी पायरी: लिहून ठेवा

डॉक्टरांसमोर गेल्यावर घरातले "नीट वागत नाही हो" एवढंच सांगतात, आणि मुलगा तिथे पंधरा मिनिटं अगदी नीट बसतो. मी रुग्णांच्या घरच्यांसोबत काम करते. आजवर पाहिलेल्यांतली सगळ्यात उपयोगी नोंद एका आईने कालनिर्णयच्या मागच्या पानावर केलेली होती, दुधाच्या हिशेबाशेजारीच. "सोमवार. रात्री दोनला उठून कडी तीनदा बघितली. मंगळवार. चहा घेतला नाही, यात काय घातलंस म्हणाला. पाणी नळाचंच पितो. गुरुवार. मोबाइलच्या कॅमेऱ्याला चिकटपट्टी लावली. शुक्रवार. कानात कापूस घालून बसला, विचारलं तर रडला." सहावी पास बाई. डॉक्टरांनी ते पान वाचलं आणि पुढचे सगळे प्रश्न नेमके विचारले.

तुम्हीही असंच करा. तारीख, काय केलं, तोंडून आलेले शब्द जसेच्या तसे. "भ्रम होतोय" असा निष्कर्ष लिहू नका, घडलं ते लिहा. बरोबर हेही टिपा: बदल पहिल्यांदा कधी जाणवला, झोप किती, जेवण किती, गांजा-दारू-गोळ्या काही, मध्ये ताप किंवा फिट आली का, डोक्याला मार लागला होता का, थायरॉईडसारखा आजार किंवा चालू औषधं, घराण्यात कुणाला असं झालं होतं का. या शेवटच्या प्रश्नावर घरात शांतता पसरते. आजोबांचा भाऊ "घर सोडून गेला" किंवा मावशी "देवाची झाली" असं सांगितलं जातं. डॉक्टरांना तेवढंही सांगा.

तिसरी पायरी: बोला, पण वाद घालू नका

दोन चुका बहुतेक घरांत होतात. बाप म्हणतो, "खुळ्यागत काय बडबडतोस, कोण बोलतंय, दाखव मला!" आजी म्हणते, "होय रे बाळा, त्या शेजारणीनंच केलंय." पहिल्याने मुलगा गप्प होतो आणि पुन्हा काही सांगत नाही. दुसऱ्याने त्याचा संशय पक्का होतो, आणि शेजारणीच्या जिवाला घोर लागतो तो वेगळाच.

मधला रस्ता असा. मुलगा म्हणतो, "आई, समोरच्या बिल्डिंगमधले मला रात्रभर शिव्या देतात." आईने म्हणावं, "मला ऐकू येत नाही रे. पण तुला येतंय म्हटल्यावर किती तरास होत असेल. अशानं झोप कुठली लागायची? चल, झोपेसाठी तरी दाखवून येऊ." यात खोटं काही नाही आणि वादही नाही. आपण वेडे नाही असं त्याला ठामपणे वाटत असतं, पण झोप लागत नाही, भीती वाटते, डोकं थांबत नाही हे तो बहुधा मान्य करतो. तिथूनच दार उघडतं. बोलणारं माणूसही विचार करून निवडा. बापाशी वाकडं असेल तर मामा, मोठी बहीण किंवा तालमीतले वस्ताद, ज्याच्यावर त्याचा अजून विश्वास आहे असं कुणीतरी. एका वेळी एकच जण बोला. चौघांनी घेरून बसू नका.

जेवणात चोरून गोळ्या घालू नका. घरच्यांची अगतिकता मला कळते, पण ज्या मुलाला जेवणात विष आहे असं वाटतंय, त्याला एक दिवस डाळीत गोळी सापडली की त्याचा संशय खरा ठरतो. डोसही नीट जात नाही. तो औषध घेतच नसेल तर हे डॉक्टरांना उघड सांगा. तोंडात विरघळणाऱ्या गोळ्या, काही आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शनं, गरज पडल्यास थोडे दिवस दाखल करणं असे सरळ मार्ग आहेत.

चौथी पायरी: कुठे जायचं

शहरात सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा आणि मानसोपचाराची ओपीडी विचारायची. कदमवाडीला डी. वाय. पाटील रुग्णालयातही हा विभाग आहे. खासगी मानसोपचारतज्ज्ञ कोल्हापूर आणि इचलकरंजीत आहेत. चंदगडच्या लोकांना बेळगाव जवळ पडतं. जे जवळ पडेल तिथे जा, कारण पुढे निदान वर्ष-दोन वर्षं त्याच डॉक्टरांकडे जायचं आहे. एसटीला दिवस मोडणार असेल तर तिसऱ्या फेरीला जाणंच सुटतं. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय इथल्या लोकांच्या मनात पहिलं येतं आणि त्या नावानेच ते घाबरतात. सायकोसिसच्या पहिल्या झटक्यातल्या, म्हणजे पहिल्यांदाच आजारी पडलेल्या बहुतेकांना तिथे जावं लागत नाही.

कुठे जावं हेच सुचत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. रुग्ण तयार नसला तरी घरच्यांनी फोन करायला हरकत नाही. मानसशास्त्रज्ञ समुपदेशन करतात, औषध मानसोपचारतज्ज्ञ देतात. सायकोसिसमध्ये दुसऱ्याला टाळून पहिल्यावर भागत नाही.

देवऋषाबद्दल स्पष्ट लिहायला हवं. जोतिबाला जा, अंबाबाईची ओटी भरा, वाडीला सेवा करा. त्याने घराला धीर येत असेल तर मी कधीच अडवणार नाही. पण डॉक्टर "त्यानंतर" ठेवू नका. "अकरा गुरुवार होऊ देत, मग बघू" या वाक्यात तीन महिने जातात, आणि हेच महिने मोलाचे असतात. आणि कुणी मारणं, साखळीने बांधणं, मिरचीचा धूर देणं, उपाशी ठेवणं सुरू केलं तर मुलाला तिथून तडक उठवून आणा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं आणि बांधणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही मानसिक रुग्णाला साखळदंड घालायला मनाई केली आहे. गोठ्यातली साखळीही त्यात आलीच.

हे असेल तर ओपीडीची वाट पाहू नका

बाळंतिणीला पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झोप उडणं, भलतंसलतं बोलणं, बाळाबद्दल विचित्र कल्पना. हजारात एक-दोन बाळंतपणांनंतर असं होतं. माहेरी त्याला "बाहेरची बाधा" म्हणून खोलीत ठेवतात, आणि आई-बाळ दोघांच्या जिवाला धोका होतो. त्याच दिवशी दवाखान्यात न्या, बाळाला तिच्याजवळ एकटं सोडू नका. वेळेत उपचार झाले तर यातल्या बहुतेक बायका चांगल्या बऱ्या होतात.

तापासोबत किंवा फिट येऊन अचानक भ्रम, दिवस-वेळ न कळणं, हेही तातडीचं. तो मेंदूचा आजार असू शकतो. "स्वतःला मार" किंवा "त्याला मार" असे आवाज हुकूम देत असतील, मरणाचं बोलणं असेल, दोन दिवस अन्नपाणी बंद असेल तर तडक निघा. १०८ ला रुग्णवाहिका, जिवाला धोका असेल तर ११२. घरातलं कीटकनाशक, दोर, कोयता हाताशी राहणार नाही असं बघा. उसाच्या पट्ट्यातल्या घरात हे सगळं दाराआडच असतं. आत्महत्येचा धोका पहिल्या काही वर्षांत सर्वांत जास्त असतो, आणि तो भ्रम ओसरल्यावर, आपल्याला काय झालं होतं हे कळल्यावरही वाढतो. शांत झाला म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका.

पाचवी पायरी: औषधाचे पहिले आठवडे

डॉक्टर रक्त तपासतील: साखर, थायरॉईड, बी-१२, कधी डोक्याचा स्कॅन. मग रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, ॲरिपिप्रॅझोल अशांपैकी एक गोळी, पहिल्या झटक्यात सहसा कमी डोसने. झोप आणि अस्वस्थपणा काही दिवसांत सुधारतो. आवाज आणि संशय उतरायला दोन ते सहा आठवडे लागतात. आठव्या दिवशी "गुण नाही" म्हणून डॉक्टर बदलला तर हा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पुरेशा डोसने चार-सहा आठवड्यांत फरक नसेल तर औषध बदलतात. दोन औषधं नीट देऊनही फरक नसेल तर क्लोझापिन हा पर्याय आहे. त्यासाठी सुरुवातीला दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासाव्या लागतात, म्हणून त्याला घाबरतात, पण ज्यांना दुसऱ्या कशानेच गुण येत नाही अशांपैकी बऱ्याच जणांना त्याने गुण येतो.

दुष्परिणाम आधीच माहीत हवेत. पहिल्या काही दिवसांत, विशेषतः तरुण मुलांत आणि हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने, अचानक मान वाकडी होते, डोळे वर चढतात, जबडा अडकतो. बघणाऱ्याला वाटतं अंगात आलं. ते औषधामुळे झालेलं असतं. दवाखान्यात एका इंजेक्शनने थोड्या वेळात सुटतं, आणि पुढे डोस किंवा गोळी बदलता येते. एका जागी बसवत नाही अशी तगमग, हात थरथरणं, अंग जड होणं, मुलींची पाळी थांबणं, हेही डॉक्टरांना सांगा. लाजेने पाळीचं कुणी सांगत नाही आणि मुलगी गुपचूप गोळी सोडते. फार ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि गुंगी अशी तिन्ही एकत्र आली तर मात्र तडक मोठ्या रुग्णालयात न्या.

वजन हा सगळ्यात चिवट त्रास. काही औषधांनी भूक अनावर होते. पहिल्या दिवशी वजन आणि कमरेचं माप लिहा, तीन महिन्यांनी रक्तातली साखर आणि चरबी तपासा, नंतर दरवर्षी. तांबडा-पांढरा बंद करायला कुणी सांगत नाही, पण भाताचं ताट दुसऱ्यांदा भरताना थांबायचं. तालमीची सवय असेल तर ती पुन्हा लावा. व्यायामाने वजन आणि मन दोन्ही सांभाळलं जातं.

सहावी पायरी: बरं वाटल्यावर गोळी सोडू नका

पहिल्या झटक्यातल्या बहुतेक रुग्णांची लक्षणं वर्षभरात बरीच उतरतात. ही खरी आणि मोठी बातमी आहे. अडचण पुढे सुरू होते. तीन-चार महिन्यांत मुलगा चांगला होतो, आणि घरातलंच कुणीतरी म्हणतं, "किती दिवस त्या गोळ्या खायच्या? सवय लागंल." या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. झोपेच्या काही गोळ्यांचं लागतं, त्या डॉक्टर मुदतीनेच देतात.

२०१२ साली अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करून पाहिले गेले. औषध चालू ठेवलेल्यांपैकी वर्षभरात सुमारे २७ टक्क्यांना आजार उलटला, औषधाऐवजी नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्यांपैकी ६४ टक्क्यांना. पहिल्या झटक्यातल्या रुग्णांच्या अमेरिकेतल्या एका पाहणीत औषध सोडणाऱ्यांना आजार उलटण्याचा धोका जवळजवळ पाचपट निघाला. आजार उलटला की दर वेळी सावरायला जास्त वेळ लागतो, मध्ये कॉलेजचं वर्ष जातं, फाउंड्रीतली नोकरी जाते. म्हणून पहिल्या झटक्यानंतर पूर्ण बरं वाटल्यापासून साधारण एक ते दोन वर्षं औषध चालतं, आणि बंद करायचं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, महिन्या-महिन्याने उतरवत. आजार पुन्हा पुन्हा उलटला असेल तर औषध अनेक वर्षं चालतं.

आजार परत येताना त्याच वाटेने येतो. प्रत्येकाची पहिली खूण ठरलेली असते. कुणी पुन्हा दारं तपासतो, कुणाची झोप चार तासांवर येते, कुणी अचानक मोबाइल बंद ठेवतो. मुलगा बरा असताना त्याच्यासोबत बसून या खुणा एका कागदावर लिहा, आणि त्या दिसल्या तर काय करायचं, कुणाला फोन करायचा हे त्याच्याच तोंडून ठरवून घ्या. २०१७ च्या कायद्याने त्याला आपल्या उपचारांबद्दल आगाऊ लेखी सूचना देण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचाही हक्क दिला आहे.

गांजा पूर्ण बंद. "पानपट्टीमागे कधीतरी" हेही नाही. गांजामुळे सायकोसिस झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांत पुढे स्किझोफ्रेनिया दिसतो, आणि आजारानंतर ओढत राहिलं तर उलटण्याचा धोका वाढतो.

सातवी पायरी: पुन्हा कामाला, कॉलेजला

आवाज थांबले तरी उत्साह, एकाग्रता आणि माणसांत मिसळणं यायला जास्त वेळ लागतो. घरात याला आळस म्हणतात. दिवसभर "ऊठ, काहीतरी कर, तुझ्या वयाचे बघ" असं टोचत राहिलं की आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. त्याच्या सगळ्या गोष्टी आईनेच करणंही तितकंच वाईट. दूध संस्थेत दूध घालून येणं, किराणा आणणं, एक तास दुकानात बसणं, अशा लहान कामाने सुरुवात करा आणि ते झाल्याची दखल घ्या. शिरोली किंवा गोकुळ शिरगावला कामाला असेल तर रात्रपाळी टाळता येते का ते बघा, झोप मोडणं या आजाराला सोसत नाही. त्यासाठी डॉक्टरांचं पत्र मिळतं. परीक्षा एक सत्र मागे गेली तरी चालेल.

विमा असेल तर पॉलिसी तपासा. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं असं २०१७ चा कायदा सांगतो. आजार लांबला आणि काम करणं अवघड झालं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र मिळू शकतं. पहिल्याच वर्षी त्याच्या मागे लागायची गरज नसते.

आणि लग्न

हा प्रश्न प्रत्येक घर शेवटी, उठता उठता विचारतं. लग्न हा उपचार नाही. नवी माणसं, जागरण, गोंधळ, सगळ्यांच्या अपेक्षा, आणि समोर कळू नये म्हणून दडवलेल्या गोळ्या, यात बरा झालेला मुलगाही पुन्हा आजारी पडतो. मुलगी असेल तर सासरी गोळ्या बंद होतात, आणि दोन महिन्यांत माहेरी परत पाठवतात. मी घरच्यांना सांगते, निदान वर्षभर प्रकृती स्थिर राहू द्या, त्याला किंवा तिला स्वतःला लग्न हवं आहे का ते विचारा, आणि समोरच्या माणसाला ठरण्याआधी सांगा, शक्य असेल तर डॉक्टरांसमोर बसवून सांगा. काही स्थळं मोडतील. जे टिकेल, त्या घरात गोळी लपवावी लागणार नाही. मूल होऊ द्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना भेटा, कारण काही औषधं, विशेषतः व्हॅल्प्रोएट, पोटातल्या बाळाला घातक असतात आणि ती आधीच बदलावी लागतात. दिवस गेल्याचं कळल्यावर घाबरून सगळ्याच गोळ्या एकदम बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.